टेसाच्या ॲडमिशनवर डेल्मरची पैज

एल्म पॉइंट या छोट्या शेतकरी गावात डेल्मर फोकर्ट्सचा सल्ला सगळे घ्यायचे. घ्यायचे आणि बरोबर त्याच्या उलट वागायचे.

डेल्मरने सोयाबीन विकलं की दुसऱ्या दिवशी भाव चढणार, हे गावात सगळ्यांना इतकं पाठ होतं, की त्याचा पिकअप धान्य खरेदी करणाऱ्या कोठीच्या दारात दिसला की बाकीचे शेतकरी आपला माल घेऊन मुकाट्याने घरी परतायचे. शुक्रवारच्या फुटबॉल मॅचला शाळेचा कोच त्याला प्रेमाने, पण दंडाला घट्ट धरून, पाहुण्या संघाच्या बाकांवर नेऊन बसवायचा. एका वर्षी तो बोलून गेला की यंदा ईस्टरला हवा छान राहणार. चर्चमधल्या बायकांनी त्याच दुपारी पोरांसाठी अंडी लपवायचा कार्यक्रम बागेतून तळघरात हलवला. ईस्टरच्या सकाळी बागेत बर्फ होतं, आणि तळघरात पोरं सुखाने अंडी शोधत होती.

यावर डेल्मर कधी चिडला नाही. उंच, जरासा वाकलेला, बियाण्याच्या कंपनीची फुकटात मिळालेली टोपी झोपताना तेवढी काढणारा माणूस. जन्मभर मका आणि सोयाबीन केलं, आता जमीन पुतण्याला कसायला दिली होती. बायको नॉर्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे सकाळी उठून जायला एक ठिकाण लागायचं, ते म्हणजे जॉइसचं कॅफे. तिथल्या खिडकीजवळच्या लांब टेबलावर गावातले सगळे रिकामे म्हातारे जमत आणि मिळेल त्या गोष्टीवर पैज लावत. पहिलं बर्फ कधी पडणार, नव्या पाद्रीबुवांचं प्रवचन किती वेळ चालणार, बँकेतल्या बाई या वेळी खरंच निवृत्त होणार का. पैशाची पैज चर्चला चालत नाही, म्हणून नाश्त्याची. हरेल त्याने जिंकणाऱ्याला अंडी, बेकन, मऊ पावासारखी बिस्किटं आणि त्यांवर ग्रेव्ही खाऊ घालायची. निवृत्त पोस्टमन बड टोबेन या खात्याचा मुख्य. जॉइस ज्या फळ्यावर आजचं सूप लिहायची, त्याचा अर्धा भाग त्याने केव्हाच बळकावला होता. डेल्मर इतका हरला होता की जॉइस त्याला गमतीने आपला भागीदार म्हणायची.

त्याची नात टेसा हे मात्र गमतीतलं प्रकरण नव्हतं. तिची आई लोरी नर्स. तिच्या ड्यूटीच्या वेळा अशा आडनिड्या की टेसा आजोबांच्या स्वयंपाकघरातच वाढली. अभ्यास त्याच टेबलावर, भांडण त्याच टेबलावर, आणि काही वर्षांपासून कॉम्प्युटरही त्याच टेबलावर. मागच्या सुगीत तिने फोनवर चालणारं एक असं काही करून दिलं की कोठीपुढे ट्रकांची रांग केवढी आहे ते घरी बसून कळावं. सगळ्या गावाचा वेळ वाचला. नाराज एकटा बड झाला. त्याच्याकडे ना ट्रक, ना धान्य, पण रांगेत उभ्या असलेल्यांशी गप्पा मारायला तो रोज जायचा. आता रांगच राहिली नव्हती.

तर या टेसाला राज्याच्या मोठ्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जायचं होतं. शाळेतल्या सल्लागार क्विगली बाईंनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की विद्यापीठात शिरणं वेगळं आणि या एका विषयात शिरणं वेगळं. दुसऱ्या विषयाने आत जाऊन मग इकडे उडी मारू म्हणशील, तर ते दारही बंद आहे. शंभर अर्ज गेले तर सात पोरं घेतात. ही बातमी टेसा घरी पोचायच्या आधी कॅफेत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तिच्या ॲडमिशनचं वजन सुरू झालं. जत्रेत वासराभोवती उभं राहून वजनाचा अंदाज करतात, अगदी त्याच चेहऱ्याने.

"मार्क?" बडने खडू सरसावला.

"वर्गात पहिली," डेल्मर म्हणाला.

"वर्गात पोरं किती?"

"एकतीस."

"शिकागोकडच्या शाळेत एकतीस पोरं नुसती ट्रम्पेट वाजवतात," लायल म्हणाला. लायलने जन्मभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे शिक्षण या विषयावर त्याचा शब्द शेवटचा असे. "आणि तिकडे प्रत्येक पोराचा स्वतःचा रोबोट असतो. हिचा रोबोट कुठाय?"

"तिचं डुक्कर होतं. जिल्ह्याच्या जत्रेत निळी रिबन मिळाली होती त्याला."

"कॉम्प्युटरवाल्यांना डुक्कर चालत नाही, डेल्मर."

"का नाही?" जॉइस कॉफी ओतता ओतता म्हणाली. "ते डुक्कर मी बघितलंय. त्याला जिने वळण लावलं, तिला यंत्र काय जड आहे?"

डुकराचे थोडे मार्क धरावेत असं ठरलं. रांगेच्या कामाचे भरपूर धरले, बडने तोंड वाकडं करूनच. मग लायलने आपला हुकमाचा पत्ता काढला. "क्विगली बाईच म्हणत होत्या, तिथे एक जोडविषय आहे. पीकशास्त्र आणि कॉम्प्युटर, दोन्ही मिळून. तिकडे शिकागोची पोरं फिरकत नाहीत, त्यांना मका फक्त थिएटरात लाही होऊन भेटतो. तिथे हिची संधी शंभरात चाळीस. मळलेले बूट दाखवले तरी पुरे!"

डेल्मरला ही जोडविषयाची गोष्ट टेसाकडून आधीच कळली होती, आणि ती फार आवडली होती. पीकशास्त्र म्हणजे शेत, आणि शेत म्हणजे एल्म पॉइंट. त्याने हे आदल्या रात्रीच जेवताना टेसाला सुचवून पाहिलं होतं. तिने काटा खाली ठेवला होता.

"आजोबा, तेरा वर्षांची झाल्यापासून दर जुलैत मी मजुरीने मक्याचे तुरे खुडतेय. पहाटे ओली, दुपारी भाजलेली, पानांनी कापलेले हात. मक्याशी माझं जे काही बोलायचं होतं ना, ते बोलून झालंय. मी नुसतं कॉम्प्युटर भरणार."

म्हणजे शंभरात सातच. फार तर डुकरामुळे आठ. बडने फळ्यावर लिहिलं: टेसा, नुसतं कॉम्प्युटर. आणि टेबलावरच्या प्रत्येकाने बारा-बारा नाश्ते तिच्या बाजूने लावले. शेजारधर्म म्हणून एकही जण विरुद्ध जाईना.

"मग माझेही बारा तिच्याच..." डेल्मरने तोंड उघडलं मात्र, चार खुर्च्या एकदम करकरल्या. जॉइसच्या हातातलं कॉफीचं भांडं हिंदकळलं.

"डेल्मर, तोंड आवर!"

"सख्खा आजोबा आहेस का वैरी?"

"तिचं एवढं वाईट कुणीच चिंतलेलं नाही रे अजून," लायल कळवळून म्हणाला.

डेल्मरला पटलं. आयुष्यात त्याच्या हरण्याचा कुणाला उपयोग व्हायचा असेल, तर तो हाच दिवस. त्याने टोपी सारखी केली आणि बारा नाश्ते नातीच्या विरुद्ध लावले. टेबलाने टाळ्या वाजवल्या. जॉइसने त्या सकाळची कॉफी त्याच्याकडून घेतली नाही. घरी जाताना तो पिकअपमध्ये शीळ घालत होता.

गाव केवढं, तर बातमी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शाळेत पोचली.

संध्याकाळी टेसा आली ती बुटांसकट स्वयंपाकघरात. डेल्मरने तिच्यासाठी टोमॅटोचं सूप आणि तव्यावर भाजलेलं चीजचं सँडविच ठेवलं होतं. तिने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू माझ्याविरुद्ध पैज लावलीस."

"तुझ्यासाठीच की. मी ज्याच्यावर लावतो ते बुडतं, माहीत नाही का तुला? म्हणून मी..."

"आजोबा, तू हरतोस ना, तो काही शाप नाहीये. तू आकडे बघत नाहीस. जे व्हावंसं वाटतं त्याच्यावर पैज लावतोस. आपली टीम जिंकावी, ईस्टरला ऊन पडावं. दर वेळी तेच."

"असेल," डेल्मर म्हणाला. एवढं विचारपूर्वक त्याच्या हरण्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्याला जरा बरंच वाटलं.

"मग या वेळी काय व्हावंसं वाटलं तुला?"

डेल्मरने सूपचा वाडगा तिच्याकडे सरकवला.

"मला नाही मिळालं, तर तुला बारा नाश्ते," टेसा हळू आवाजात म्हणाली. "आणि मी अर्ध्या तासावरच्या कॉलेजात जाणार. रोज संध्याकाळी इथेच जेवणार. तुझ्यासाठी काही वाईट सौदा नाही."

सूप गार होत होतं. डेल्मरला रागवायचं होतं, पण राग येण्यासाठी ती खोटं बोलायला हवी होती. ती खोटं बोलत नव्हती. सकाळी पैज लावताना मनाच्या एका कोपऱ्यात त्याला गुदगुल्या झाल्या होत्या, आणि त्या परोपकाराच्या नव्हत्या. ती गेली की या टेबलावर एकच ताट लागणार, या विचाराने तो गेले कित्येक महिने घाबरलेला होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"उद्या जा," टेसा म्हणाली, "आणि माझ्यावर लाव. सगळ्यांसमोर."

"अगं पोरी, मग तुझं काही खरं नाही!"

"ते मी बघते. तू माझ्या बाजूने आहेस का नाहीस, तेवढं सांग."

मग तिने सँडविच उचललं आणि दारातून बाहेर पडता पडता त्याचा मोठा घास घेतला. कितीही भांडण झालं तरी ती भांडणासाठी उपाशी राहणाऱ्यांतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॅफेत डेल्मरने टोपी काढली. तो टोपी काढतो म्हणजे कुणीतरी गेलं असणार, म्हणून सगळे आधीच गप्प झाले.

"माझी पैज फिरव, बड. माझे बारा टेसाच्या बाजूने."

यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमीच. लायल उठून उभा राहिला. जॉइस म्हणाली की एका मुलीच्या आयुष्याशी असा खेळ तिच्या छपराखाली चालणार नाही. कुणीतरी लोरीला फोन लावायला निघालं. बडने खडू शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं.

"ही पैज मी लिहिणार नाही. विरुद्ध कोण आहे? कुणीच नाही. विरुद्ध कुणी नसेल तर ती पैजच नव्हे!"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगायचं तर डेल्मरनेही सोडला. शब्द पाळल्यासारखं झालं आणि पोरीचं नुकसानही टळलं, असा हिशेब करून तो खुर्ची ओढणार, एवढ्यात दाराची घंटा वाजली. टेसा शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन आत आली होती.

"विरुद्ध मी आहे," ती म्हणाली. "आजोबांच्या बारा नाश्त्यांसमोर माझे बारा. मला ॲडमिशन मिळणार नाही यावर."

"स्वतःच्याच विरुद्ध?" बडच्या तोंडून कसंबसं निघालं.

"हो. नाही मिळालं तर निदान रडायला पोटात काहीतरी हवं ना. लिही, बड. मला पहिल्या तासाला उशीर होतोय."

बडने लिहिलं. त्यासाठी खिशाचं बटण उघडून खडू परत काढावा लागला, पण लिहिलं.

तो हिवाळा डेल्मरला फार जड गेला. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. पाद्रीबुवांनी एका रविवारी मोहाला बळी पडून आपल्याच माणसांचं नुकसान करणाऱ्यांविषयी प्रवचन दिलं आणि बोलताना एकदाही डेल्मरवरून नजर हटवली नाही. क्विगली बाई देवाधर्माच्या किंवा शकुनाच्या बाईच नव्हत्या, पण दुकानात तो समोर दिसला की त्याही दुसऱ्या गल्लीत वळायच्या. लायलने मात्र वाट शोधून काढली.

"डेल्मर, एक काम कर. शिकागोकडच्या सगळ्या पोरांवरही पैज लाव. सगळ्यांना ॲडमिशन मिळणार म्हण. म्हणजे त्यांचा परस्पर बंदोबस्त होईल आणि हिच्यासाठी जागा होईल."

"आणि त्यांच्या आजोबांनी काय करायचं?" डेल्मर खेकसला. आयुष्यात तो लायलवर पहिल्यांदाच खेकसला होता.

कारण आता त्याला जिंकायचं होतं. ही भावना त्याला सवयीची नव्हती, ती कशी सांभाळायची तेही ठाऊक नव्हतं. टेसा इथेच राहिली तर, हा विचार अजूनही यायचा. भांडी घासताना यायचा, अंगणातलं बर्फ फावड्याने सारताना यायचा. पण आता तो आला की डेल्मर मोठ्याने म्हणायचा, "माझे बारा नाश्ते लागलेत, चल नीघ." शेजारच्या कुत्र्याला वाटायचं आपल्यालाच बोलतोय. ते बिचारं उठून जायचं.

निकाल जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी चारला होता. जॉइसचं कॅफे दोनला बंद व्हायचं, पण त्या दिवशी ते बंद करायचं तिला आठवलं नाही, आणि कुणी आठवणही करून दिली नाही. टेबल भरलेलं. लोरी नर्सच्या कपड्यांतच आलेली. टेसा मधल्या खुर्चीवर, हातात फोन. आणि डेल्मर तिच्यापासून शक्य तितका लांब, थेट स्वच्छतागृहाच्या दाराशी, आपली सावलीही पडू नये म्हणून.

ती वाचत होती. चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"कॉम्प्युटर सायन्स," ती म्हणाली. "नुसतं."

जो आरडाओरडा झाला तो कोठीपर्यंत ऐकू गेला असणार. लोरी रडली, जॉइस रडली, लायलने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्याने डुकराच्या नावाने घोषणा दिली. मग फळ्यापाशी उभा असलेला बड हळूच म्हणाला,

"थांबा. म्हणजे डेल्मर जिंकला."

सगळे स्वच्छतागृहाच्या दाराकडे बघू लागले. एवढी वर्षं ज्याच्या भरवशावर गाव चाललं होतं, ते मोडलं होतं.

"मग आता सोयाबीनचं काय करायचं?" लायलने विचारलं. तो मुळीच गंमत करत नव्हता.

डेल्मर हसायला लागला. खांदे गदगदा हलेपर्यंत हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा कधी वाकडा झाला ते त्याला कळलं नाही. जन्मात एकदाच जिंकलो, आणि जिंकलो म्हणून ही चालली. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. टेसा उठून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या छातीला डोकं लावून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी.

"तुला मी इथेच राहायला हवी होते ना?" तिने हळूच विचारलं.

"हो," डेल्मर म्हणाला. "फार."

"माहीत होतं मला. म्हणून तर तुला माझ्या बाजूने लावायला लावलं. तुला विरुद्ध बाजूला सोडून मला जाता आलं नसतं."

मग तिने नाक पुसलं आणि हिशेबाला लागली. "मी तुझे बारा नाश्ते लागते. तुरे खुडून साठवलेत ना, त्यातले पैसे आत्ताच जॉइसकडे देऊन ठेवते. तुला वाटेल तेव्हा येऊन खात जा."

"पैसे नकोत," डेल्मर घाईघाईने म्हणाला. "हरलेल्याने समोर बसून खाऊ घालायचं असतं. नाहीतर पैज फिटत नाही. नियम आहे तसा."

"कधीपासून?"

बडने असा नियम जन्मात ऐकला नव्हता. त्याने डेल्मरकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "पहिल्यापासून," तो म्हणाला. "अगदी कडक नियम आहे. आणि एका खेपेला एकच नाश्ता."

"एकच? म्हणजे मला बारा वेळा यावं लागेल!"

"त्याला आता कोण काय करणार," डेल्मर म्हणाला. "हरलीस तू."

टेसाने एकदा बडकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. दोघंही छताकडे बघत होते. तिने खुर्ची ओढली. "ठीक आहे. मग पहिला उद्या सकाळीच घे. अंडी, बेकन, सगळं."

"नको," डेल्मर पटकन म्हणाला. "तू ऑगस्टात जाशील, तिथून पुढे मोजू. तू इथे आहेस तोवर मी त्यातला एकही वाया घालवणार नाही."